उमरोळीला न थांबणारी गाडी

कथा लिहायची म्हणजे चार गोष्टी खोट्या लिहायच्याच. पण आमच्या हिच्या मामांइतकं प्रामाणिकपणे खोटं लिहिणारा माणूस डहाणूपासून विरारपर्यंत दुसरा झाला नाही. बोईसरच्या एका औषध कारखान्यात ते स्टोअर सांभाळत आणि उमरोळीच्या घरी बसून कथा लिहीत. भाचेजावई म्हणून मी त्यांना एकदा कथालेखनाच्या तंत्रावरचं जाडजूड पुस्तक भेट दिलं. पुढच्या खेपेला पाहतो तर ते टेबलाच्या तुटक्या पायाखाली! "चांगलंय हो पुस्तक," मामा म्हणाले, "आता टेबल हलत नाही." त्यांची खरी पुस्तकं टेबलावर असायची: पंचांग, घरगुती औषधोपचार, जवळच्या दांडी गावातल्या कोळ्यांकडून मागून आणलेलं भरती-ओहोटीचं कोष्टक आणि रेल्वेचं वेळापत्रक. या पुस्तकांना विचारल्याशिवाय मामांचं एकही पात्र घराबाहेर पाऊल टाकत नसे.

परिणाम भोगायची पात्रं. नायक-नायिका चोरून भेटले, तर पंचांगात नेमकी अमावस्या निघाली. अंधारात दोघांची टक्कर होऊन नायिकेच्या कपाळाला टेंगूळ आलं. खलनायक होडीतून पळाला, तर ओहोटी! बसला चिखलात. त्याला तापानं मारायचं ठरवलं, तर औषधोपचाराच्या पुस्तकानं तो खडखडीत बरा केला. "अहो, मारून टाका की!" मी वैतागून म्हणालो. मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "उगाच कसा मारू? पथ्य पाळतोय तो."

पण खरा घोटाळा झाला तो उमरोळी स्टेशनावर. नायिकेचं लग्न विरारला दुपारच्या मुहूर्तावर, आणि ते थांबवायला निघालेला नायक उमरोळीच्या बाकावर. सकाळची शटल गेलेली, पुढची संध्याकाळी. एसटी त्याहून उशिरा. मधे एक मेल होती, पण ती धूळ उडवत निघून जायची. नायक पानंच्या पानं नुसता बसून राहिला आणि तिकडे लग्न लागलं.

मुंबईच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचं कार्ड आलं: कथा छापतो, फक्त नायकाला मेलमध्ये बसवून वेळेवर पोचवा. मामी हरखून गेल्या. नवऱ्याचं नाव एकदा छापून यावं, एवढीच त्यांची हौस. मामा मात्र ढिम्म.

"एक गाडी थांबवायला तुमचं काय जाते वो?" मामी रडकुंडीला आल्या.

"माझं काही जात नाही. पण मेल उमरोळीला थांबत नाही. रेल्वेनं नाही थांबवली, ती मी कोण थांबवणार?"

कथा परत आली. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत. कारखान्यात बातमी पसरली आणि यूपीचे कामगार पुढे कितीतरी वर्षं विचारत राहिले, "मामाजी, हीरो पहुंचा क्या?" मामा शांतपणे सांगत, "अभी नहीं." दर नवं वेळापत्रक निघालं की ते आधी उमरोळीचं पान काढत. मला हसू यायचं, पण खरं सांगतो, त्या हट्टाचा हेवाही वाटायचा.

आणि एक दिवस मामा सायकल हाणत आमच्या पालघरच्या घरी आले. पायांत दोन वेगळ्या चपला. "थांबते! दुपारच्या आधी एक गाडी उमरोळीला थांबते आता!" त्यांचा अवतार पाहून आम्हाला आधी वाटलं होतं, लॉटरी लागली. त्यांनी कथा पुन्हा लिहायला घेतली. साल बदललं म्हणून पंचांग बदललं, पंचांग बदललं म्हणून अमावस्येची पौर्णिमा झाली, आणि नायिकेचं टेंगूळही गेलं.

पाकीट मुंबईहून न फोडताच परत आलं. तो दिवाळी अंक केव्हाच बंद पडला होता.

मी तेव्हा तिथंच होतो. मामा पाकीट हातात धरून बसून राहिले. एवढा चिवट माणूस, पण त्या दिवशी त्यांचे खांदे पडलेले पाहून मला भरून आलं. मामींचे डोळे एव्हाना मोतीबिंदूनं अधू झाले होते. त्या चाचपडत आल्या आणि शेजारी टेकल्या. "वाचा ना मग," त्या म्हणाल्या, "छापली असती तरी आता मला कुटं दिसणार हाय?"

मामांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. गाडी उमरोळीला थांबली, नायक चढला, विरारला उतरून धावत सुटला, आणि अंतरपाट दूर व्हायच्या आत मांडवात शिरला. मामींनी पदरानं डोळे पुसले.

"पोचला बाय एकदाचा," त्या म्हणाल्या. "किती वर्सं बसला होता बिचारा तिथं. कोनी पानी तरी इचारलं का नाय त्याला?"

मामांनी पेन उघडलं.