पुढे सरकणारी खुर्ची

डॉक्टर म्हणाले, थोडं चाला. मी पहिल्याच दिवशी अख्ख्या रंकाळा तलावाला फेरी मारायला निघालो आणि अर्ध्यातच कठड्यावर कोसळलो. शेजारून लकव्यातून उठलेले एक वृद्ध पैलवान, बायकोने पुढे ठेवलेल्या खुर्चीकडे पाय ओढत चालले होते.

"पावणं, एका दमात रंकाळा गिळाय निघालासा व्हय?" ते म्हणाले. "मी खुर्चीपतुर जातो. ही रोज ती जरा फुडं ठेवती. एक दिस फुडच्या दूधकट्ट्यावर, म्हशी पिळत्यात तिथं, म्हशीजवळ हुबं ऱ्हाऊन धारंचं दूध प्यायचं हाय की!"

मग मीही रोज त्यांच्या खुर्चीपर्यंतच चालू लागलो.

एका सकाळी दूधकट्ट्याजवळ खुर्ची रिकामी दिसली. मनात नको ते आलं. तेवढ्यात म्हशीपलीकडून फेसाळ मिशी वर आली.

"बसा पावणं, मोकळीच हाय!"

मी दमलोच होतो. बसलो.