आवाजाचा शॉवर

माझ्या ताईच्या घरात दार लावून घेता येईल अशी एकच जागा आहे, ती म्हणजे बाथरूम. खोल्यांना दारं आहेत, पण ती लावायची पद्धत नाही. पुढच्या खोलीत भाचा आणि भाची अभ्यासाच्या नावाखाली लोळत असतात. मागच्या खोलीत भाऊजी फोनवर कुणाला तरी 'बघतो, कळवतो' म्हणत असतात. मधल्या बोळात, बाथरूमच्या भिंतीला लागून, ताईच्या सासऱ्यांची खाट आहे. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. शिवाय मी. भाड्याची जागा मिळेपर्यंत महिनाभर राहते म्हणून आले आणि राहिले. पण मी पडेल ते काम करते, त्यामुळे माझी कुणाला अडचण नाही.

ताई एका कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसते. ज्यांचं पार्सल आलं नाही, फुटून आलं, शेजारच्याला मिळालं आणि त्याने ते उघडून वापरलंसुद्धा, असे सगळे लोक ताईला फोन करतात. तिने ते पार्सल कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. तरी चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं सगळं तिच्यावर येतं. तिने मात्र एकच वाक्य म्हणायचं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." बोलणं रेकॉर्ड होतं, तेव्हा आवाज चढवायची सोय नाही. एकदा एका गृहस्थांनी तिला बिनडोक म्हणण्यापर्यंत मजल मारली आणि शेवटी निघालं काय, तर त्यांचं पार्सल दुसऱ्याच कंपनीकडे होतं. ताई त्यांनाही दिलगीर आहोत म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी आली की ती चपला काढते, पिशवी खुंटीला अडकवते आणि कुणाशी अक्षर न बोलता बाथरूममध्ये शिरते. पाण्याची टाकी अगदी आमच्या डोक्यावरच आहे, हवी तेवढी उंच नाही, त्यामुळे नळाला जोर नाही. म्हणून मोटर असलेला इलेक्ट्रिक शॉवर. मूळचा पांढरा, आता पिवळट पडलेला एक डबा. बटण दाबलं की तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागायचा. पुढच्या खोलीतला टीव्ही ऐकू यायचा नाही, मुलं वैतागायची.

त्या घरघरीत ताई काय करते ते मला एकटीला ठाऊक होतं, कारण तिनेच एकदा सांगितलं होतं. ती सगळ्यांना उत्तरं द्यायची. चांगली मोठ्याने. "अहो, पार्सलात काय तुमचं सिंहासन होतं का?" "बिनडोक कोण ते तुमच्या बायकोला विचारा, ती सांगेल!" गिऱ्हाइकं संपली की साहेब, साहेब संपला की घरातले. सगळ्यांचा उद्धार झाला की ती केस पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, "कुणाकुणाला भूक लागलीय?" ते ऐकून तिला कुणीही साध्वी म्हटलं असतं.

तो शॉवर एका सकाळी गेला. आतून जळका वास आला, मोटरने एक आचका दिला आणि संपलं. इलेक्ट्रिशियनने झाकण उघडून आत बघितलं आणि डॉक्टर बघतात तसं भाऊजींकडे बघितलं. "कॉइल गेली, मोटर गेली. नवीनच घ्या."

नवीन येईपर्यंत गॅसवर पातेल्यात पाणी तापवायचं आणि बादलीत ओतून न्यायचं, असं ठरलं. आंघोळीला रांग लागली. ताई आत गेली की बाहेरून कुणीतरी ओरडायचं, "आटप गं, पाणी उकळलं!" आणि बाथरूममधला तांब्या ठेवलेलासुद्धा ऐकू यायचा. ताई आत जायची, चार तांबे घ्यायची आणि जशी गेली तशीच बाहेर यायची. तोंडाला कुलूप लागल्यासारखी. मला तिच्याकडे बघवेना. माणूस किती दमलंय हे त्याच्या चेहऱ्यापेक्षा पाठीवर जास्त दिसतं, आणि ताई आल्यागेल्याकडे पाठ करूनच बसायला लागली होती.

मग व्हायचं तेच झालं. फोनवर एका बाईला ती म्हणाली, "मग या तुम्हीच आणि शोधा गोडाऊनमध्ये!" साहेबाने तिला काचेच्या खोलीत बोलावलं आणि तिचाच आवाज तिला वाजवून दाखवला. पुन्हा असं झालं तर नाइलाज होईल म्हणाला. भाऊजींचा फर्निचर पॉलिशचा धंदा बसल्यापासून घर ताईच्या पगारावर चालतं. साहेबाचा नाइलाज झाला की आम्हा सगळ्यांचाच होणार होता. ताईने घरी येऊन हे फक्त मला सांगितलं, ओट्यापाशी, पातेल्यातल्या पाण्याकडे बघत.

सुट्टीच्या दिवशी आम्ही शॉवर बघायला निघालो. ताई, भाऊजी आणि मी. भाऊजींना वीज कमी खाणारा हवा होता. मुलांनी बजावलं होतं की धार जोरात पाहिजे. ताईला काय हवंय हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिने काय सांगितलं असतं?

पहिल्या दुकानात भिंतभर शॉवर लावलेले होते. विक्रेता इतका चकाचक होता की मला आपल्या चपलांची लाज वाटली. त्याने एक बटण दाबलं. पाणी पडायला लागलं आणि बाकी काही झालंच नाही.

"बघा मॅडम, चालू आहे हे कळतसुद्धा नाही," तो म्हणाला. "शेजारी तान्हं बाळ झोपलं असेल तरी उठणार नाही."

"आमच्याकडे तान्हं बाळ नाही," ताई म्हणाली.

"पण शांतता तर सगळ्यांनाच हवी असते!"

ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा पुढचा शॉवर दाखवायला गेला. तोही मुका होता. सगळेच मुके होते. हल्ली आवाज करणारा बनवतच नाहीत, असं तो अभिमानाने म्हणाला. ताईने एकाचं बटण हाताला बोचतं म्हणून नको म्हटलं. दुसऱ्या दुकानात एकाचा रंग दवाखान्यासारखा वाटला. तिसऱ्या दुकानात तिला काही कारणच सुचेना, तेव्हा ती म्हणाली, "मला नाही आवडला." भाऊजींच्या कपाळावरची शीर उडायला लागली होती.

"अगं, शॉवर घ्यायचाय का जावई करून घ्यायचाय?" ते म्हणाले. "तुला हवंय तरी काय?"

मी ताईला बाजूला घेतलं. "सांगून टाक ना त्यांना."

"काय सांगू?" ती म्हणाली. "की तुमच्या नावाने बोटं मोडायला मला गिरणी पाहिजे म्हणून?"

आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो. ताई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आणा तुम्हाला हवा तो. तो आवाज न करणारा आणा. मला काय, पाण्याशी मतलब." ती हे अगदी सरळ आवाजात म्हणाली. फोनवरचा आवाज होता तो. दिलगीर आहोतवाला.

नाना खाटेवरून आमच्या तोंडांकडे बघत होते. नानांनी उभा जन्म छापखान्यात मशीनवर काढला आणि कान तिथेच ठेवून आले. आमच्या घरात त्यांच्याशी कुणी बोलत नाही, त्यांना फक्त हाका मारतात. "नाना, जेवायला!" "नाना, गोळी!" मीसुद्धा तेच करते. ओरडून ओरडून गप्पा मारायला कुणाच्या अंगात त्राण आहे?

"कुठला घेतलात?" नानांनी विचारलं.

भाऊजी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "अजिबात आवाज न करणारा! उद्या आणतो!"

"नको," नाना म्हणाले. "पहिल्यासारखा आणा. घरघरणारा."

"तुम्हाला कशाला हवीय घरघर? तुम्हाला ती ऐकू तरी येते का?"

"घरघर नाही येत. तिचं बोलणं येतं."

नानांना वाटलं असावं की आम्हाला कळलं नाही, म्हणून त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. छापखान्यात सगळी मशीनं एकदम चालायची. त्यात बोलायचं तर माणूस जोर लावून, शब्द तोडून बोलतं. तेच ऐकायची कानाला सवय. तुम्ही लोक शांततेत जे पुटपुटता ते काही कळत नाही. पण मशीनच्या घरघरीतलं माणसाचं बोलणं अजून बरोबर वेगळं काढता येतं. त्यात खाट भिंतीलाच लागून.

"ही आंघोळ करताना बोलते?" भाऊजींनी ताईकडे बघितलं आणि पुन्हा ओरडले, "काय बोलते ती?"

नानांनीही ताईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"कामाचं," ते म्हणाले. "पार्सलचं."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. तिने दोन्ही हातांनी ओटा धरला होता.

"मी काय काय बोललेय तिथे," ती म्हणाली. "नाना पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दिवसभर नोकरी आणि घरी आल्यावर त्यांचं सगळं अंथरुणात. एकदा मी म्हणाले होते, हा म्हातारा एकदाचा जाईल तर ती खाट तरी निघेल बोळातून. ओरडून म्हणाले होते. त्यांनी ऐकलंय ते. आणि माझ्या हातचं जेवताहेत गुमान, तेव्हापासून."

तिने चहा टाकला, कप भरला आणि तो घेऊन बोळात गेली. मी दारात थांबले. भाऊजी एका खोलीत होते, मुलं दुसऱ्या खोलीत, आणि दारं उघडी.

ती खाटेशी वाकली आणि हळूच काहीतरी म्हणाली.

"काय?" नाना म्हणाले.

ती पुन्हा म्हणाली, थोडं मोठ्याने. भाचीने पुढच्या खोलीतून मान काढली. ताई गप्प झाली.

"काय म्हणालीस?"

बहिऱ्या माणसाची माफी मागायची तर सगळ्या घराला ऐकू जाईल अशी मागावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं. ताईचे डोळे भरून आले होते. नानांनी कप हातात घेतला.

"इथे नको," ते म्हणाले. "शॉवर आला की बोल." मग फुंकर मारून एक घोट घेतला. "रागावतेस ते रागाव. बाकीचे जेवायला बोलावतात आणि गोळ्या देतात. दिवसभरात कुणाचं धड बोलणं ऐकायला मिळतं ते तेवढंच. तू आत गेलीस की बरं वाटायचं मला."

दुसऱ्या दिवशी ताई कामावरून परस्पर बाजारात आली, मी घरून गेले. मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत एका दुकानदाराकडे जुन्या पद्धतीचा, मोटरवाला एक शॉवर पडून होता. त्याने चारचारदा बजावलं, "आवाज फार करतो हं. मागाहून तक्रार घेऊन येऊ नका."

"मी तक्रारी करत नाही," ताई म्हणाली. "मी ऐकते."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. इलेक्ट्रिशियनने जुना डबा उतरवला, नवा चढवला, बटण दाबून बघितलं आणि घाबरून पटकन बंद केलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई कामावरून आली. चपला, पिशवी, बाथरूम. दाराची कडी लागली आणि मोटर सुरू झाली. मुलं ओरडली, टीव्ही वाढवला. मी बोळात नानांच्या खाटेजवळ स्टुलावर बसून भाजी निवडत होते. नानांनी उशी भिंतीकडे सरकवली आणि डोकं टेकून पडून राहिले. बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मला वाटलं, ती आज बोलत नसेल. बोलणं एकदा गेलं की गेलं.

मग नानांनी पंच्याच्या टोकाने डोळे पुसले. भिंतीकडे बघत मान हलवली, जणू ती समोर उभी होती. आणखी थोड्या वेळाने ते हसायला लागले. खाट हलेपर्यंत हसले.

मी वाकून त्यांच्या कानात ओरडले, "काय म्हणतेय?"

"माझं झालं," नाना म्हणाले. "साहेबाचंही झालं. आता तुझ्यावर आलीय."

"माझ्यावर? माझं काय?"

"थांब जरा," त्यांनी हात वर केला. "ऐकू दे. बरंच आहे."

मी हातातली भाजी खाली ठेवली आणि भिंतीला कान लावला. मला नुसती घरघर ऐकू येत होती.