देवयानीबाईंचा चौथा शब्द

छत्रीबागेत देवयानीबाई आम्हा बायकांना इंग्रजी शिकवतात. चुकीचा शब्द त्यांना भातातल्या खड्यासारखा लागतो, आणि माझ्या इंग्रजीत तर भातापेक्षा खडेच जास्त.

त्या दिवशी मदतीच्या शब्दांचा धडा होता. "शेजारणीची पिशवी उचलून दिली, ती हेल्प. डॉक्टर टाके घालतोय, तुम्ही कात्री पुढे करताय, ते असिस्ट. कोणी पडू नये म्हणून धरून ठेवलंत, तो सपोर्ट. आणि लोक नावं ठेवत असताना चारचौघांत पाठीशी उभं राहणं, ते बॅक करणं."

"शेवटच्याचं उदाहरण सांगा ना," मी म्हटलं. बाई फळा पुसू लागल्या.

बाईंची मुलगी शमिका गेल्या वर्षी घटस्फोट घेऊन घरी आली. बाईंनी वकील शोधला, वरची खोली रिकामी करून दिली, कोर्टाच्या प्रत्येक तारखेला सोबत गेल्या. पण त्या दिवशी धडा संपल्यावर मी चपला घालत होते तेव्हा आतून शमिकाचा आवाज आला.

"आई, चैत्राच्या हळदीकुंकवाला या बारी मी बाहेर बायकांत बसू?"

"तू आत डाळ-पन्ह्याचं बघ ना. खामखा कोणी काही बोललं तर?"

मला रागच आला. आमची एवढीशी चूक झाली तरी टोकणाऱ्या या बाई, आणि लोकांच्या तोंडाला घाबरतात!

हळदीकुंकवाच्या दिवशी खोली बायकांनी भरली होती. शमिका स्वयंपाकघरातच होती. बाई करंडा घेऊन त्यांच्या धाकट्या नणंदेपाशी, मधुवंतीपाशी आल्या.

"वहिनी, तुम्ही लेकीला पूरा सपोर्ट केला, सच्ची. आणि बिचारी हेल्प पण किती करते!"

बाईंचं बोट कुंकवातच थांबलं.

"सपोर्ट केला गं," त्या म्हणाल्या, "बॅक नाही केलं."

बाई आत गेल्या आणि शमिकाला मनगट धरून बाहेर घेऊन आल्या. तिची बोटं डाळीनं पिवळी झाली होती. बाईंनी तिला सगळ्यांदेखत कुंकू लावलं, करंडा तिच्या हातात दिला.

"आता सगळ्यांना तू लाव."

आणि त्या तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. कोणी पुढे होईना. मधुवंती उगाच पदर सारखा करत होती. शमिका करंडा धरून तशीच उभी होती, ते बघून मला बसवेना. मी उठले, कपाळ पुढे केलं. थोडं कुंकू माझ्या नाकावर सांडलं.

"सॉरी," शमिका पुटपुटली. माझे डोळे भरून आले.

बाईंनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मधुवंती," त्या म्हणाल्या, "आता तू."