बाबांची शीळ

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत. दवाखान्यामागच्या खोलीत तो दिवसभर लोकांसाठी दात घडवायचा, आणि घरी आला तरी डोक्यातले दात काही निघायचे नाहीत. जबड्याच्या मध्याकडची दाताची बाजू ती मेसिअल, मागच्या दाढेकडची ती डिस्टल. सोफ्यावर जागा हवी असली की तो बायकोला म्हणायचा, "जरा डिस्टलला सरक ना!"

"मी मेसिअललाच बसणार. पंखा मध्यावर आहे."

वडिलांची कवळी त्याने जीव ओतून केली. म्हातारा तरुणपणी देखणा म्हणून नावाजलेला, तेव्हा ओठाकडची बाजू तर अशी साधली की शेजारणी थांबून बघायला लागल्या. कवळीवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि आठवड्याभरात ती कवळी वाटीत जाऊन बसली.

"टोचते का, बाबा?"

"छे."

"चावायच्या बाजूला काही लागतंय?"

"चावायला झकास आहे रे."

एवढंच. आणि जेवण पुन्हा कुस्करून.

शेवटी आई बोलली. लग्न झाल्यापासून बाबा घरी आले की खालून शीळ घालायचे, जीभ वरच्या दातांमागे टेकवून, आणि ती हातातलं काम टाकून खिडकीत यायची. दात पडले तशी शीळ गेली. कवळी आली की परत येईल, या आशेवर दोघं होती.

"आता चोरासारखे गुपचूप येतात," ती म्हणाली. "मला नाही आवडत." तिचे डोळे भरून आले.

कवळीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. जगाला दिसते ती बाजू त्याने देखणी केली होती. टाळूकडची बाजू, जिथे बाबांची जीभ टेकते, ती मात्र जाडीभरडीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी त्याने बाबांना खोलीत आणून बसवलं. जरा घासायचं, त्यांना फुंकायला लावायचं, पुन्हा घासायचं. नुसतं फुस्स फुस्स. दोघांनाही हसू आवरेना, आणि हसताना तर मुळीच शीळ निघेना. मग एकदाचा बारीक, किरटा आवाज आला.

"थांब, इथे नको," बाबा म्हणाले आणि चप्पल पायात सरकवून तडक घराकडे निघाले. मागून कवळीवाला धावतोय.

खिडकीखाली पहिल्यांदा फुस्सच झालं. दुसऱ्यांदा शीळ अशी खणखणीत निघाली की वर स्वयंपाकघरात काहीतरी दाणकन पडलं. आई ओल्या हातांनीच खिडकीत आली.

"ऐकलं हो, अख्ख्या गल्लीने ऐकलं! या आता वर."

बाबा जिन्याकडे वळले.

"नाही, थांबा," ती म्हणाली. "अजून एकदा."