तापलेलं तेल आणि दोन वडगावं

केरबा गायकवाड बोलायला लागला की निम्मी वाक्यं 'असंबी आसंल' यावर संपायची. देगलूर नाक्यावरचे बाकीचे ड्रायव्हर गाडीत बिघाड झाला की बोनेट उघडायच्या आधीच निदान सांगून मोकळे व्हायचे. केरबा मात्र इंजिनाला कान लावून बराच वेळ उभा राहायचा. त्याला आवाज नीट ऐकू यायचा, पण एका आवाजाचे तीन-तीन अर्थ लागायचे.

जन्म हदगावकडच्या एका खेड्यातला. छप्पन साली बापानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा केरबा आईच्या कडेवर होता. सातवी झाल्यावर तो ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, मिशा फुटल्यावर स्टिअरिंगवर बसला, आणि लग्नानंतर बायको धुरपताला घेऊन नांदेडला आला. दुष्काळ पडला त्या सुमाराला तो मलप्पांकडं होता. मलप्पा मूळचे उदगीरचे. बोअर मारायचा त्यांचा धंदा. त्यांच्याकडं दोन गाड्या होत्या. एका गाडीवर बोअर मारायचं मशीन बसवलेलं, ती अण्णाराव चालवायचा. दुसरी केरबाची. ट्रकच्या हौद्यात लोखंडी पाइप आणि डिझेलचे पिंप, आणि मागं लोखंडी दांड्यानं जोडलेला चार चाकांचा कॉम्प्रेसर, हत्तीच्या पिलाएवढा. त्या कॉम्प्रेसरची हवा खाली सुटल्याशिवाय मशीनला एक वीतभरसुद्धा भोक पाडता यायचं नाही. म्हणजे अण्णाराव कितीही पुढं गेला तरी काम केरबाच्या येण्यावर अडलेलं.

त्या उन्हाळ्यात बोअरवाल्यांना श्वास घ्यायला सवड नव्हती. विहिरींचे तळ उघडे पडले होते. लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडी तो अजून बसला नव्हता. कुणी पत्ता सांगताना उस्मानाबाद म्हणायचं, मग जीभ चावून लातूर म्हणायचं.

अशात गाडीला ते दुखणं लागलं.

लोह्याच्या पुढं बालाघाटाचा चढ लागतो. पहिल्यांदा तिथं केरबाच्या लक्षात आलं की तेलाच्या दाबाचा काटा खाली सरकतोय. शेजारचा पाण्याचा काटा मात्र जागच्या जागी. केरबानं गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले, बोनेट उघडलं. रेडिएटरमधलं पाणी रोजच्याइतकंच गरम होतं. तेल मोजायची पट्टी ओढली तर तेल पाण्यासारखं पातळ, आणि बोटाला असा चटका बसला की पट्टी हातातून सुटली. तासभर थांबला. तेल थंड झालं, काटा वर आला. सपाटीला गाडी शहाण्यासारखी चालली. पुढच्या चढाला पुन्हा तेच.

"पाणी गार अन् तेल गरम," तो धुरपताला सांगत होता, "एका घरात दोघं ऱ्हात्यात, एकाला ताप हाय अन् दुसऱ्याला पत्ताच न्हाई. असं कसं?"

"घरात असंच असतंय," धुरपता भाकरी थापता थापता म्हणाली.

अण्णारावाचं म्हणणं पडलं की काटाच बिघडलाय. काटा बदलला. नवा काटाही खाली उतरला. मलप्पा म्हणाले, "अय्यो, तेल कमी पडत असंल. भर की अजून." केरबानं पट्टीवरच्या खुणेच्या वर तेल भरलं, आणि पुढच्या खेपेला तेल जास्तच लवकर तापलं, वर पट्टीवर फेससुद्धा दिसला. एका ढाब्यावरच्या सरदारजीनं सांगितलं, ओझं ओढताना वरचा गिअर धरू नको, खालच्या गिअरमध्ये हळू चढव. केरबानं तेही केलं. थोडा फरक पडला तो त्यानं, की त्या दिवशी ऊन कमी होतं म्हणून, हे त्याला सांगता येईना.

त्याच गोंधळात मलप्पांनी पुढचं काम सांगितलं. "वडगाव. चाकूरच्या पुढं. अण्णाराव कालच गेलाय. लवकर जा बाबा, तिथं टँकरबी पोचंना झालाय."

चाकूर सोडल्यावर केरबानं एका गुराख्याला विचारलं, वडगाव कुठं? त्यानं काठीनं डावीकडं दाखवलं. पुढं एक सायकलवाला भेटला, त्यानं सरळ जा म्हणून सांगितलं. रस्त्याकडंच्या दगडावर अजून उस्मानाबादचेच आकडे होते. इकडं तेलाचा काटा उतरायला लागला होता, म्हणून चढ कमी दिसला त्या बाजूला, म्हणजे डावीकडं, केरबानं गाडी वळवली. तरी एक टेकाड आडवं आलंच. ते चढताना काटा पार तळाला टेकला, आणि इंजिनात कुणी चमच्यानं पातेलं वाजवावं तसा आवाज यायला लागला. गावच्या तोंडाशी लिंबाखाली त्यानं गाडी बंद केली.

धुरळा खाली बसायच्या आधीच माणसं जमली. कॉम्प्रेसर बघून एक म्हातारा ओरडला, "आली रे आली, बोअरची गाडी आली!" बायका घागरी टाकून आल्या. सरजाबाई नावाची एक म्हातारी ताटात हळद-कुंकू घेऊन आली आणि तिनं ट्रकच्या नाकाला कुंकू लावलं. गरम पत्र्यावर ते लगेच वाळलं. मग तिनं केरबाला ओवाळलं.

केरबा इकडंतिकडं बघत होता. अण्णारावाचं मशीन कुठंच दिसेना.

"आमचं मशीन कुठाय?" त्यानं विचारलं.

"कसलं मशीन? तूच घेऊन आला न्हवं?"

"हे वडगावच हाय ना? कोणत्या जिल्ह्यातलं?"

म्हातारा म्हणाला, "आमी उस्मानाबादमधी व्हतो. आता लातूर म्हंत्यात. पाणी दोन्हीकडं न्हाई."

थोडी विचारपूस केल्यावर उलगडा झाला. हे वडगाव वेगळं. दुसरं वडगाव सडकेनं सरळ पुढं होतं, आणि बोअर मंजूर झाला होता तो तिथला. या गावानं अर्ज केला होता, पण तो जुन्या जिल्ह्यात पडला की नव्यात गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

केरबाच्या कपाळावर कुंकू होतं, आणि त्याला आता सांगायचं होतं की मी तुमच्यासाठी आलेलो न्हाई. त्यानं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण बायकांनी घागरी उचलल्या आणि त्या निघून गेल्या. म्हातारा तेवढा म्हणाला, "मग जा की बाबा, तिकडं वाट बघत असतील."

पण जाणार कसं? इंजिन चालू केलं की तो पातेल्याचा आवाज यायचा. केरबानं दुपारच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं निरोप दिला. मलप्पांना सांगा, आणि नाक्यावरच्या गफूरभाई मिस्त्रीला घेऊन या.

संध्याकाळी सरजाबाई तांब्या घेऊन आली. "पाणी पी."

"मावशी, मी बौद्ध हाय," केरबा म्हणाला. न विचारताच का सांगितलं, हे त्यालाही कळलं नाही.

तिनं तांब्या सावरला. मग म्हणाली, "हात कर पुढं," आणि तिनं त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. पाणी मचूळ होतं. पिऊन झाल्यावर केरबा विचार करत बसला. भांडं धुवायला पाणी नसल्यामुळं गावात सगळेच असं ओंजळीनं पीत होते, की तो एकटाच? विचारावं तरी पंचाईत, न विचारावं तरी जिवाला घोर. दुसऱ्या सकाळी तिनं त्याला बशीतून चहा दिला आणि ती बशी तशीच घरात घेऊन गेली. केरबाचा गोंधळ आणखी वाढला.

चहा पिताना तो रेडिएटरचं झाकण उघडून बघत होता. सरजाबाई डोकावली.

"ह्यात बी आमच्यावाणीच पाणी घालता व्हय? खाऱ्या बोअरचं?"

"जिथं जे मिळंल ते घालतो. गोड्या विहिरी ऱ्हायल्यात कुठं?"

"ह्या पाण्यात डाळ शिजंना. पातेल्याच्या बुडाला चुना धरतंय नुसता."

केरबानं झाकणाच्या आतून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. असंबी आसंल, तो मनाशी म्हणाला. पण चुना धरला असता तर पाणी तापायला पाहिजे होतं. पाणी तर तापत नव्हतं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा मलप्पांची जीप आली. शेजारी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन गफूर मिस्त्री. मलप्पा खाली उतरायच्या आधीच बोलायला लागले. "चाकूरच्या पुढं म्हणलं तर हे कुठं शिरला? तिकडं गाव बसलंय मशीनकडं बघत!"

गफूर त्यांच्याकडं लक्ष न देता गाडीखाली शिरला. केरबानं सगळी हकीकत सांगितली, काट्याची, फेसाची, सरदारजीची आणि चुन्याची.

"जरा सबूर," आतून आवाज आला. "कूलर खोलून बघू."

इंजिनाच्या अंगाला एक चपटी लोखंडी डबी होती. तिच्या आत एका बाजूनं तेल फिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं पाणी, मधे पातळ पत्रे. पाण्यानं तेलाचा ताप काढून घ्यायचा, एवढंच तिचं काम. गफूरनं ती खोलली. तेलाची बाजू काळी कुळकुळीत होती. पाण्याची बाजू पांढऱ्या खपल्यांनी बुजली होती, काडीसुद्धा आत जाईना.

"हे बघ," गफूर म्हणाला. "पाणी इथं शिरतच न्हाई. तेलाचा ताप पाण्याला कळणार कसा? म्हणून तुझा पाण्याचा काटा गप बसलाय."

केरबाला हायसं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एका प्रश्नाला एकच उत्तर मिळालं होतं. सरजाबाईच्या घरून चिंच आली. चुलीवर चिंचेचं पाणी उकळून त्यात ते पत्रे बुडवून ठेवले, खपल्या मऊ पडल्यावर ब्रशनं घासून काढल्या. गफूरनं जादाचं तेलही खुणेपर्यंत काढून टाकलं. इंजिनाच्या बेअरिंगा उघडून बघितल्या, त्या जेमतेम वाचल्या होत्या.

एवढ्यात मलप्पांनी हाक मारली. ते कॉम्प्रेसरच्या मागच्या चाकाला हात लावून बघत होते. "केरबा, हे चाक फिरतंय का? ब्रेक धरून बसलाय की रे!" आणि खरंच, त्या एका चाकाचा ब्रेक अर्धवट आवळून राहिला होता. म्हणजे इतके दिवस ट्रक ब्रेक लावलेलं ओझं डोंगरावर ओढत होता. तोही सैल केला.

गाडी निघाली. टेकाड आलं, काटा हलला नाही. पुढचा मोठा चढ आला, काटा थोडा उतरला आणि थांबला. केरबा पुन्हा होता तिथंच आला. कूलर साफ केल्यानं झालं, की जादाचं तेल काढल्यानं, की ब्रेक सोडल्यानं? तिन्ही एकाच दिवशी झालं होतं.

खऱ्या वडगावात अण्णारावानं मशीन लावून ठेवलं होतं. तिथं पाणी लागलं, बऱ्यापैकी लागलं. लोक नाचले, गुलाल उधळला. केरबा कॉम्प्रेसरजवळ बसून होता, त्याला तिकडं जावंसं वाटेना.

परत निघताना तो मलप्पांसमोर उभा राहिला. "अप्पा, वाटेतच हाय. त्या वडगावात एक भोक मारू."

"यादीत न्हाई ते गाव. डिझेल काय झाडाला लागतंय?"

"न्हाई लागत."

"मग?"

"मग काय. त्यांनी ओवाळलं व्हतं."

मलप्पा कानडीत काहीतरी पुटपुटले, जीपमध्ये बसले आणि फाट्यावर त्यांनी जीप उजवीकडं वळवली. त्यांना दया आली, की अर्ज करणाऱ्या गावाशी पुढं कामाची ओळख राहील असा हिशेब त्यांनी केला, की चिंचेची भीड पडली, हे केरबाला कधी समजलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

त्या गावात पहिल्या भोकातून नुसता धुरळा आला. मलप्पा मशीन गुंडाळा म्हणाले आणि स्वतःच दहा पावलं चालून एका जागी पाय आपटत म्हणाले, "इथं एक." दुपारभर कॉम्प्रेसर गरजत राहिला. आधी राखेसारखी भुकटी, मग ओली माती, मग बोटाएवढी धार. सरजाबाईनं ओंजळ धरली, तोंडाला लावली आणि हसत सुटली.

"खारंच हाय मेलं!"

पण लोक ते डोक्यावर घेत होते, तोंडावर मारत होते. तिनं केरबालाही बोलावलं. तोही गर्दीत घुसला, आणि सगळ्यांबरोबर त्यानंही ओंजळ धरली.

नाक्यावर परतल्यावर वाद रंगला. गफूर म्हणायचा कूलर, मलप्पा म्हणायचे ब्रेक, आणि अण्णाराव छातीठोकपणे सांगायचा की नवा काटाच आता कुठं मुरलाय. केरबा सगळ्यांचं ऐकून मान डोलवायचा. पुढं कितीतरी वर्षं त्यानं ओझी ओढली, नांदेड ते लातूर, लातूर ते पार निलंग्यापर्यंत. चढ संपला की तो गाडी थांबवायचा, खाली उतरून मागच्या चाकांना हात लावायचा, तेल बघायचा, आणि गोडं पाणी कुठं मिळंल हे पहिल्या भेटलेल्या माणसाला विचारायचा.