विहिरीचा सोमवार

आपल्या गावच्या विहिरीला दर सोमवारी सुट्टी असे. नातवंडांनो, तुमच्या तिकडच्या परदेशातल्या शाळेला शनिवार-रविवार असतो, तशी. त्या दिवशी कोणी मोटर चालू करत नसे. कामावर न जाण्याच्या दिवसाला गावात खाडा म्हणतात, तसा हा विहिरीचा खाडा. हे तुम्हाला इंग्रजीत लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं, आणि माझं शिक्षणही त्याच भाषेत झालं. पण या एका शब्दाला तिकडे काय म्हणायचं ते मला काही केल्या सुचलं नाही. तेव्हा आईला वाचून दाखवायला सांगा.

तुम्ही येता ते तुमच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे आमच्या भर पावसात. लोणावळ्याच्या धुक्यात उभं राहून खाल्लेली चिक्की तुम्हाला आठवते, डोंगरावरून कोसळणारं पाणी आठवतं. या मावळात पाण्याची काळजी करावी लागते, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण पाऊस इथे धो धो पडतो आणि उतारावरून तसाच निघून जातो. होळी झाली की विहिरींचे तळ दिसू लागतात. मग जे उरलं असेल ते पुढचा पाऊस येईपर्यंत पुरवायचं असतं.

आपली विहीर नवलाख उंबरे या गावाच्या अलीकडे, माळाच्या खालच्या अंगाला आहे. चार घरांची मिळून एक. कोणी कोणत्या वारी पाणी घ्यायचं त्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि सोमवार कोणाचाच नाही. त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. पूर्वी पाणी मोटेने काढत, मोट बैल ओढत, आणि सोमवारी बैल जुंपायचे नाहीत असा रिवाज होता. म्हणजे सुट्टी खरी बैलांची. पुढे बैल गेले, मोटा गेल्या, विजेच्या मोटरी आल्या, तरी सोमवार राहिला. एक दिवस उपसा थांबला की झरे सावकाश विहीर भरून काढतात, हे सगळ्यांना दिसत होतं. शिवाय ज्या घरांचा विहिरीत हिस्सा नाही, ती घरं सोमवारी दोर-बादली घेऊन येत. खालच्या आळीतली बौद्ध घरं त्यांत होती. एके काळी त्यांना या कठड्याला हातही लावू देत नसत. मी लग्न होऊन आले तोवर ते दिवस सरले होते, पण हिस्सा त्यांना मिळाला नव्हता. सोमवार तेवढा मिळाला होता.

सोमवारची राखण मोठी आजी करायची. मोठी आजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना बाई म्हणते, पण तुमच्यासाठी मोठी आजीच लिहिते. तिला कोणी नेमलं नव्हतं. हातातलं काम घेऊन ती कठड्यावर जाऊन बसे, एवढंच. पाण्याला येणाऱ्या बायका तिची चेष्टा करायच्या.

"काय मावशी, हिरीला राखण बसलाय व्हय? पळून चाललीय का काय ती?"

"ती कुटं पळतीय! पळवून न्हेनारे लय हायेत," मोठी आजी म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या. मीही हसलेली आहे.

तिचा मुलगा, म्हणजे तुमचा काका, जवळच्या कारखान्यात कंत्राटावर होता. मागे ते काम गेलं. मग त्याने जुना ट्रॅक्टर आणि मागे ओढायची टाकी घेतली आणि आपल्या पाळीचं पाणी तो तळेगावच्या सोसायट्यांना, लोणावळ्याच्या बंगल्यांना विकू लागला. त्यात कोणाला काही वाटलं नाही. पाळी त्याची, पाणी त्याचं. बाकीच्या घरांची शेतीही कमी झाली होती, त्यांनीही आपापल्या पाळ्या त्याला दिल्या. असं करत आठवड्याचे सगळे वार टँकरला गेले. राहिला सोमवार. आणि नेमकी सोमवारीच पाण्याला सगळ्यात जास्त मागणी! गेल्या हिवाळ्यात मी गावी होते तेव्हा मायलेकांचं बोलणं माझ्यासमोरच झालं.

"आये, खरं गिऱ्हाईक सोमवारचंच आसतंय. शनवार-रविवार पावनं टाक्या रिकाम्या करून जात्यात. सकाळपासनं बंगलेवाल्यांचं फोनवर फोन."

"मग त्यांला म्हनावं, मंगळवारी आंघुळी करा."

"मंगळवारपतूर दुसरा टँकरवाला गाठत्यात ते."

"गाठू दे. तिला एक दिस तर पाठ टेकू दे रं."

होळीनंतर मोठ्या आजीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धूळ नको, धूर नको, वेळच्या वेळी थेंब घालायचे, म्हणून मी तिला माझ्याकडे तळेगावला घोरावाडी स्टेशनजवळच्या फ्लॅटवर आणलं. निघताना ती गाडीत बसेना. विहिरीकडे तोंड करून उभी राहिली.

"तेवढा सोमवार मोडू नको," ती मुलाला म्हणाली.

"न्हाई मोडत, आये. सोमवार तुझा."

"माझा न्हाई. तिचा."

"बरं, तिचा. बस आता गाडीत."

इथे आल्यावर रोज संध्याकाळी त्याचा फोन येई. गाय कशी आहे, कोण आलं, कोण गेलं, हे झालं की शेवटी ती विचारायची, "हिरीला खाडा दिलास न्हवं?" सोमवार असो की नसो, प्रश्न ठरलेला. तो म्हणायचा, "व्हय आये, दिला." मग ती समाधानाने फोन माझ्या हातात द्यायची, बंद कसा करायचा ते तिला येत नाही. एकदा खालच्या आळीतल्या एका सुनेने फोनवर सांगितलं, "मावशी, औंदा दोर पुरंना झालाय." त्यावर मोठी आजी म्हणाली, "उन्हाळाच लय कडक हाय." मुलाचा शब्द तिच्यापाशी होता.

आता डाळीचं सांगते. माझ्या सोसायटीच्या बोअरचं पाणी जड आहे. त्यात तुरीची डाळ शिजत नाही. कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा, कणी राहतेच. आमच्याकडे विहिरीचं पाणी चांगलं की वाईट ते डाळ लावून ठरवतात, आणि आपल्या विहिरीच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी होते. पहिल्या दिवशी माझं वरण खाऊन मोठी आजी म्हणाली होती, "धाकटे, दात न्हाईत म्हनून माझी परीक्षा घेतीस व्हय?" मग रोज जेवताना हीच थट्टा चाले. ती डाळ बोटांनी चिवडायची आणि म्हणायची, "आजबी नापास."

एप्रिलमध्ये सोसायटीचा बोअर आटला आणि टँकर येऊ लागले. कुठलं कुठलं पाणी यायचं, डाळ तशीच राहायची. मग एका सोमवारी मी कुकर उघडला, तर डाळ दिसेचना. सगळी विरघळून एकजीव झाली होती. पळी लावायचीही गरज नव्हती. मी झाकण हातात धरून उभी राहिले. दुसऱ्या कुठल्या विहिरीचं पाणीही असं असू शकतं, असं स्वतःला सांगून पाहिलं. मग खाली गेले आणि वॉचमनला विचारलं, आज टँकर कुठून आला.

"उंबऱ्याकडून, आजी. नवीन ट्रॅक्टरवाला आहे. तुम्हाला ओळखतो म्हणाला."

"मग वर नाही आला?"

"मीपण तेच बोललो. घाई आहे म्हणाला."

मी जिन्यातूनच त्याला फोन लावला. त्याने उचलला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"काकी, तुमच्याच सोसायटीनं बोलावलं," तो म्हणाला. "आधीपन दोन-तीन सोमवार मोडल्यात. ह्या महिन्यात पोराची फी हाय. मला न्हाई म्हनता आलं न्हाई."

"आई वर आहे. भेटून तरी जायचं होतंस."

"कोनच्या तोंडानं येऊ? आयेला सांगू नका."

त्याला रागावण्यासाठी मी तोंड उघडलं होतं. पण सकाळी त्याच पाण्याने माझी आंघोळ झाली होती, त्याच पाण्यात मी कपडे भिजवले होते. बाकीच्या वारांना मालक होते, त्यामुळे ते मोडायचे तर कोणाला तरी विचारावं लागलं असतं. सोमवारला फक्त कठड्यावर बसणारी एक म्हातारी होती, आणि तिला मीच डोळ्यांसाठी इकडे घेऊन आले होते.

वर येऊन मी त्या डाळीची आमटी केली. आमसूल घातलं, गूळ जास्त घातला, मसाला घातला, म्हणजे कळणार नाही. मोठी आजी काळा चष्मा लावून पानावर बसली. भातावर मी आमटी वाढली. तिने भात कालवला आणि तिची बोटं थांबली. अंगठ्याने तिने डाळ दाबून पाहिली, पुन्हा दाबून पाहिली. नापास म्हणाली नाही.

"आज वार कोंचा गं, धाकटे?"

मंगळवार म्हणता आलं असतं. तिला कॅलेंडर दिसत नव्हतं.

"सोमवार, बाई."

तिने मान हलवली. मग सगळं जेवली, पानात शीत ठेवलं नाही. उठताना म्हणाली, "डाळ चांगली झालीय." हात धुताना तिने नळ अगदी बारीक सोडला आणि त्या धारेखाली बराच वेळ हात धरून उभी राहिली.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोन आला. तिने गाईची चौकशी केली. नातवाला खोकला होता, त्याला काढा दे म्हणाली. काका पलीकडे वाट पाहत होता. रोजचा प्रश्न आला नाही, तेव्हा तोच म्हणाला, "आये, खाडा दिलाय बरं का हिरीला."

"बरं केलंस," मोठी आजी म्हणाली, आणि फोन माझ्याकडे दिला.

आता तिचे थेंब संपले आहेत. तिला सगळं स्वच्छ दिसतं, गॅलरीतून स्टेशनवरच्या गाड्यांचे डबे मोजते. डॉक्टरांनी गावी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण ती जायचं नाव काढत नाही आणि मी विषय काढत नाही. विहिरीत आता बादली बुडत नाही म्हणतात. खालच्या आळीतल्या बायका रस्त्यावरच्या टाकीवर रांग लावतात. ती टाकीही टँकरनेच भरतात.

सोमवारी सकाळी गेटवर ट्रॅक्टरचा आवाज आला की मोठी आजी गॅलरीतून उठून आतल्या खोलीत जाऊन पडते. त्या दिवशी मी डाळ लावत नाही.