डेस्कटॉपवरचा आवाज

माझी थोरली बहीण वारली, त्याच्या आधी मी तिचं बोलणं मोबाइलवर भरून ठेवलं होतं, अगदी शिव्यांसकट. मोबाइलचा काय भरवसा, म्हणून ते कंप्युटरवर घेतलं आणि मोबाइलमधून काढून टाकलं. उघडल्याबरोबर समोर दिसावं म्हणून डेस्कटॉपवरच ठेवलं.

कंप्युटर लई अडकायला लागला तेव्हा नांदेडला दुरुस्तीच्या दुकानात दिला. आमच्याकडं दुखणं कोणतंही असो, औषध एकच, फॉरमॅट मारायचं, म्हणजे समदं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. आत काय ठेवलंय, हे कुणी विचारत नाही.

दुकानदार म्हणाला, "मावशी, नवाकोरा करून दिला बघा. फायली ठेवायचा वेगळा कप्पा असतो ना, त्या डी ड्राइव्हला हातसुद्धा लावला न्हाई."

"आन् डेस्कटॉपवरचं?"

"ते विंडोजबरोबर पुसलं जातंय. तिथं कोण ठेवतं व्हय?"

"माझ्यासारखी समदीच ठेवतात. तुला तोंड नव्हतं विचारायला?"

"आम्ही डी तेवढा जपतो, मावशी. पद्धतच हाय तशी."

मग त्यानं बराच वेळ शोधाशोध केली. फाइलचं नाव सापडलं, आवाज काही आला नाही.

आता कंप्युटर झटक्यात सुरू होतो. सुरू करून मी ऐकू काय?